केअर होमची तपासणी (इंग्लंड)

वृद्ध, अपंग किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्ती जिथे राहायला असतात, अशा निवासांची सुरक्षितता व सेवेचा दर्जा तपासण्याची इंग्लंडमधील व्यवस्था. महाराष्ट्रात नर्सिंग होम म्हटले की छोटे खाजगी रुग्णालय डोळ्यांसमोर येते. इंग्लंडमध्ये मात्र ज्या केअर होममध्ये चोवीस तास परिचारिका असते, त्याला नर्सिंग होम म्हणतात.

तपासणीचे काम केअर क्वालिटी कमिशन, म्हणजेच सीक्यूसी, ही स्वायत्त संस्था करते. २००८ च्या कायद्यानुसार तीन जुन्या संस्था मोडून ती स्थापन झाली आणि १ एप्रिल २००९ पासून तिचे काम सुरू झाले. स्कॉटलंड, वेल्स व उत्तर आयर्लंड यांच्या यंत्रणा वेगळ्या आहेत. सीक्यूसीकडे नोंदणी केल्याशिवाय केअर होम चालवणे हा गुन्हा आहे.

निरीक्षक बहुधा न कळवता येतात. सोबत अनेकदा एक सामान्य नागरिक असतो. त्याने स्वतः अशी सेवा घेतलेली असते किंवा घरातल्या कुणाची काळजी वाहिलेली असते. रहिवासी त्याच्याशी जास्त मोकळेपणाने बोलतात.

औषधांच्या तक्त्यावर निरीक्षकांची नजर हमखास जाते. गोळी दिली की त्या वेळेच्या चौकोनात सही करायची, असा नियम. चौकोन रिकामा दिसला तर गोळी राहिली की नुसती सही, हे शोधणे आले. मॉर्फिनसारखी औषधे वेगळ्या कुलपात असतात. त्यांच्या वहीत दोघांच्या सह्या लागतात आणि वहीतली शिल्लक कपाटातल्या शिलकीशी जुळावी लागते. अंघोळीच्या टबात पडणारे पाणी ४४ अंश सेल्सियसपेक्षा गरम नसावे, आणि जिथून कुणी खाली पडण्याचा धोका आहे ती खिडकी १०० मिलिमीटरपेक्षा जास्त उघडू नये, ही मर्यादा कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेचे खाते घालून देते. स्वयंपाकघराची स्वच्छता स्थानिक परिषदेचे अधिकारी वेगळी तपासतात.

पण वह्या चोख ठेवणे कुणालाही जमते. ज्यांना नीट बोलता येत नाही, अशांचे दिवस कसे जातात हे वहीत सापडत नाही. त्यासाठी ब्रॅडफर्ड विद्यापीठाच्या साहाय्याने 'सोफी' ही निरीक्षणपद्धत तयार झाली. निरीक्षक दिवाणखान्यात एका कोपऱ्यात बसतो आणि दर पाच मिनिटांनी नोंद करतो : आजींचा चेहरा कसा आहे, त्या कशात रमल्या आहेत, कर्मचारी त्यांच्याशी बोलला की नुसताच घास भरवून गेला. या साऱ्या व्यवस्थेतला सर्वांत शहाणा भाग बहुधा हाच असावा.

सीक्यूसी रुग्णालयेही तपासते. २०११ मध्ये ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खाजगी रुग्णालयात बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांना होणारी मारहाण बीबीसीने छुप्या कॅमेऱ्याने दाखवली. तिथल्याच एका परिचारकाने आधी सीक्यूसीला सावध केले होते, पण दखल घेतली गेली नाही. त्यानंतरच्या टीकेतून पद्धत बदलली. सेवा सुरक्षित आहे का, परिणामकारक आहे का, मायेची आहे का, ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे आहे का आणि कारभार नीट चालतो का, हे पाच प्रश्न पुढे आले. उत्तरांवरून उत्कृष्ट, चांगले, सुधारणा आवश्यक किंवा अपुरे, असा शेरा मिळतो. एप्रिल २०१५ पासून हा शेरा दर्शनी भागात लावणे सक्तीचे आहे. अहवालाचा मसुदा आधी चालकांना दाखवतात आणि चुका दाखवून द्यायला दहा कामाचे दिवस देतात. ताकीद, दंड, खटला आणि शेवटी नोंदणी रद्द करणे, इथपर्यंत सीक्यूसीचे अधिकार पोहोचतात.

कोविडमुळे मार्च २०२० मध्ये नेहमीच्या भेटी थांबल्या, त्या पूर्ववत झाल्याच नाहीत. सरकारने डॉ. पेनी डॅश यांच्याकडे सोपवलेल्या २०२४ च्या आढाव्यानुसार, २०१९-२० मध्ये जवळपास १६,००० तपासण्या झाल्या होत्या. २०२३-२४ मध्ये त्या सुमारे ७,००० वर आल्या. काही ठिकाणांचे शेरे कित्येक वर्षांपूर्वीचे होते. केअर होम तपासणाऱ्या काही निरीक्षकांची स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीशी कधी गाठच पडली नव्हती, हेही त्यात नोंदले आहे.