पुढचा शॉकप आणि मागचा शॉकप

माझा भाचा गोव्यात डिचोलीला असतो. गेल्या चवथीच्या आधी त्याने आपल्या जुन्या हॅचबॅकचे मागचे दोन्ही शॉकप, म्हणजे शॉक अ‍ॅब्झॉर्बर, घरीच, पडवीसमोर गाडी लावून, दीड तासात बदलले. खालचा बोल्ट काढला, वरचा नट काढला, जुना बाहेर, नवा आत. मग काय, पुढच्या रविवारी स्वारी पुढचे काढायला बसली. साडेदहाला फोन.

"मामा, बॉनेटखालचा मधला नट सुटत नाही. नटाबरोबर आतला रॉडच गरगर फिरतो. काय करू?"

"पाना खाली ठेव," म्हटलं, "आणि तोंड आधी तिथून बाजूला घे."

गाडी जॅकवर, चाक काढलेलं, सगळं लोंबकळतंय, आणि हा मधला नट सोडतोय. रॉड फिरत होता म्हणूनच निभावलं.

गडबड नावापासून सुरू होते. गॅरेजात पुढच्यालाही शॉकप म्हणतात आणि मागच्यालाही. पार्ट्सच्या दुकानात 'पुढचे दोन शॉकप द्या' म्हटलं की काउंटरवरचा माणूस निमूट दोन डबे पुढे सरकवतो. पण त्या डब्यातली वस्तू वेगळी आहे. तिचं खरं नाव स्ट्रट.

मागचा तो निव्वळ शॉक अ‍ॅब्झॉर्बर. नळीत तेल, तेलात पिस्टन, पिस्टनला बारीक भोकं. खड्ड्यातून गेल्यावर गाडी हिंदकळत राहू नये म्हणून तो ती हालचाल तेलात जिरवतो, तेल तापतं, काम झालं. गाडीचं वजन तो पेलत नाही. ते पेलते स्प्रिंग, आणि बऱ्याच छोट्या गाड्यांत मागची स्प्रिंग शॉकपपासून वेगळी, मागच्या दोन्ही चाकांना जोडणाऱ्या आडव्या बीमवर आपल्या वाटीत बसलेली असते. म्हणून शॉकप काढला तरी स्प्रिंग जागच्या जागी राहते. फक्त बीमखाली दुसरा जॅक हवा, कारण बीम किती खाली यावी हे शॉकपच अडवून धरतो. तो सुटला आणि बीम फार खाली आली तर ब्रेकचा होज, म्हणजे रबरी नळी, ताणतो, स्प्रिंगही वाटीतून निसटते. म्हणून एका वेळी एकच बाजू काढायची. काही गाड्यांत मागेही स्प्रिंग शॉकपवरच चढवलेली असते, तेव्हा आधी वाकून बघा. नळीभोवती वेटोळं दिसलं तर स्प्रिंगबद्दल पुढे जे येतं ते सगळं त्यालाही लागू.

पुढचा स्ट्रट तीन कामं करतो. हेलकावे जिरवतो, स्प्रिंग अंगावर वागवतो, आणि चाकाला वरून धरून ठेवणारा खांबही तोच. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरने ही रचना १९४०च्या दशकात जनरल मोटर्समध्ये असताना आखली. तिथून तो फोर्डमध्ये गेला आणि १९५०च्या फोर्ड कॉन्सल, झेफिर या गाड्यांवर ती रस्त्यावर दिसू लागली. चाकाला वरून धरणारा वेगळा आर्म नको, जागा कमी, खर्च कमी. इंजिन आडवं बसवायच्या छोट्या गाड्यांना ती फारच सोयीची पडली. आपल्या रस्त्यावरच्या बहुतेक हॅचबॅकच्या पुढे आज तीच असते.

आता खरी मेख. स्ट्रटच्या नळीला खाली एक वाटी पक्की बसवलेली असते. स्प्रिंग त्या वाटीत उभी, आणि तिच्या डोक्यावर वरची वाटी, बेअरिंग, रबरी माउंटिंग. हे सगळं दाबून धरतो पिस्टनच्या रॉडच्या टोकावरचा एकच नट. स्ट्रट गाडीतून काढून टेबलावर ठेवलात, रॉड पुरता बाहेर आला, तरी स्प्रिंग मोकळी नसते. तिची मूळ लांबी त्याहून जास्त असते.

हिशेब करून बघा. स्प्रिंग मिलिमीटरला साधारण २ किलो जोर लावणारी आहे आणि स्ट्रट लोंबकळत असताना ८ सेंटिमीटर दबलेली आहे असं धरलं, तर त्या एका नटावर १६० किलोचा रेटा झाला. सिमेंटची तीन पोती आणि वर थोडं. ती सगळी माउंटिंगमागे दबा धरून बसलेली, आणि नटाचे शेवटचे दोन आटे संपेपर्यंत काही म्हणजे काही जाणवत नाही. सुटलं की एकदम.

बॉनेट उघडलं की दोन तऱ्हेचे नट दिसतात, ते असे. कडेने दोन किंवा तीन लहान नट, बहुधा १२ किंवा १४ नंबरच्या पान्याचे. ते माउंटिंगला बॉडीशी बांधतात. ते काढले की अख्खा स्ट्रट स्प्रिंगसकट खाली येतो, स्प्रिंग मात्र बांधलेलीच राहते. शेवटचा नट काढताना खालून कोणीतरी धरा, एवढंच. मधोमध, बऱ्याचदा प्लास्टिकच्या टोपीखाली, एक मोठा नट. हाच तो रॉडचा. काही मेकॅनिक गाडी चाकांवर उभी असताना तो अर्धा आटा सैल करून ठेवतात, पुढे टेबलावर रॉड फिरू नये म्हणून. अर्ध्या आट्याच्या पुढे मात्र कोणी शहाणा जात नाही. काही मॉडेल्समध्ये कडेचे नट नसतातच, मधलाच एक असतो. तिथे त्या गाडीचं मॅन्युअल बघितल्याशिवाय हात लावू नका.

मधला नट काढायचा तो स्प्रिंग कॉम्प्रेसर, म्हणजे स्प्रिंग दाबून धरणारं हत्यार, लावूनच. बाजारात मिळतो तो आकड्यांचा, म्हणजे हुकांचा, जोड असतो, दोन लांब स्क्रू आणि त्यांना आकडे. ते स्प्रिंगच्या बरोबर समोरासमोर लावायचे, जमतील तेवढी वेटोळी पकडायची, आट्यांना ग्रीस लावायचं आणि आळीपाळीने थोडं थोडं आवळायचं. इकडे दोन फेरे, तिकडे दोन फेरे. एकच बाजू आवळत गेलात तर स्प्रिंग केळ्यासारखी वाकते आणि आकडा घसरतो. नट फिरवायची इम्पॅक्ट गन लावू नका, हाताच्या पान्यानेच. स्प्रिंग वाटीत हाताने फिरायला लागली की पुरे, त्याहून एक फेराही जास्त नको. आणि टोकासमोर कधी उभं राहायचं नाही, बाजूने काम करायचं.

गोव्यात आणखी दोन गोष्टी. खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस आणि खालच्या वाटीत साचून राहणारी तांबडी माती यांनी स्प्रिंगचं सगळ्यात खालचं वेटोळं गंजतं, कधी तुटतंही. तडा गेलेल्या किंवा पापुद्रे सुटलेल्या स्प्रिंगला आकडे लावू नका, ती थेट गॅरेजात. दुसरं म्हणजे जांभ्या दगडाचे चिरे. गाडीखाली चिरा सरकवायची आपल्याला भारी सवय. चिरा भिंतीत शंभर वर्षं टिकतो हे खरं, पण जॅकिंग पॉइंटचा सगळा भार एका कोपऱ्यावर आला की फुटतो. लोखंडी स्टँडच घ्या.

माझं मत विचाराल तर मागचं काम घरी खुशाल करा. पुढचं अर्धं घरी, अर्धं गॅरेजात. एबीएसची वायर आणि ब्रेकचा होज स्ट्रटवरून सोडवा, स्टॅबिलायझर बारला जोडणारा लिंक रॉड काढा, नकलला, म्हणजे चाकाचा हब धरणाऱ्या भागाला, जाणारे दोन बोल्ट कुठे बसले होते त्यावर रंगाची खूण करा, कडेचे नट काढा, स्ट्रट अख्खा बाहेर. स्प्रिंग काढून नव्यावर चढवण्यापुरता तो मेकॅनिककडे न्या. त्याच्याकडचा उभा कॉम्प्रेसर जमिनीला पक्का असतो आणि स्प्रिंगला वरखाली नीट पकडतो. परत आणून घरी बसवा, मग चाकांचं अलाइनमेंट करून घ्या. आकडे विकत घेऊन वर्षानुवर्षं माळ्यावर ठेवण्यापेक्षा हे बरं.

भाच्याने शेवटी तेच केलं. दोन्ही स्ट्रट पोत्यात गुंडाळून स्कूटरच्या पुढ्यात ठेवले आणि गॅरेज गाठलं. मेकॅनिकने स्प्रिंग दाबली, मधला नट काढला, मग कॉम्प्रेसर हळूहळू सैल केला. मोकळी झालेली स्प्रिंग भाच्याने दुसऱ्या, अजून न उघडलेल्या स्ट्रटशेजारी उभी करून बघितली. चांगली चार बोटं वर आली.