एक्क्यांची जोडी हरते तेव्हा

टेक्सस होल्डेम या पोकरच्या प्रकारात प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात आणि पाच पत्ते मधोमध सगळ्यांसाठी उघडले जातात. ५२ पत्त्यांतून दोन पत्त्यांच्या १,३२६ जोड्या होतात आणि त्यांतल्या फक्त ६ जोड्या एक्क्यांच्या असतात. सरासरी २२१ डावांत एकदा हे दान पडतं. समजा, तुमच्या हातात इस्पिक आणि बदामचा एक्का आहे, समोरच्याकडे दोन राजे आहेत. दोघांनीही होते नव्हते तेवढे चिप्स, म्हणजे पैशांऐवजी वापरायच्या चकत्या, पुढे सारले. जिंकण्याची शक्यता तुमची ८२ टक्के, त्याची १८. शेवटचा पत्ता उलटतो आणि चौकटचा राजा निघतो. त्याचे तीन राजे झाले, तुमची जोडी हरली.

त्यानंतरची दहा मिनिटं खेळाडू कसा घालवतो, यावर त्याचा महिना ठरतो असं मला वाटतं.

हिशेबाने पाहिलं तर काहीच बिघडलेलं नाही. १८ टक्के म्हणजे साधारण साडेपाच वेळांत एकदा. हे घडणारच होतं. मनाला मात्र टक्केवारी दिसत नाही, गेलेले चिप्स दिसतात. पोकरवाले या अवस्थेला 'टिल्ट' म्हणतात. शब्द पिनबॉलच्या यंत्रावरून आला आहे: खेळणाऱ्याने यंत्र जोरात हलवलं की ते 'टिल्ट' दाखवून तो डाव बंद करायचं.

हा नुसता अड्ड्यावरचा अनुभव नाही. गॅरी स्मिथ आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी मोठ्या रकमांच्या ऑनलाइन डावांच्या नोंदी तपासून २००९ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. मुरलेले खेळाडूसुद्धा मोठी हार झाल्यावर अधिक ढिले खेळतात, एरवी टाकून दिले असते अशा पत्त्यांवरही पैसे लावतात, असं त्यांना दिसलं. डॅनियल कानमन आणि एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच याचं कारण मांडलं होतं. झालेलं नुकसान ज्याने मनातून स्वीकारलेलं नाही, तो एरवी नाकारला असता असा धोका पत्करतो. तो नव्या डावात बसलेलाच नसतो, जुना डाव फिरवायला बघत असतो. त्यात पडद्यावर पत्ते भराभर वाटले जातात. खऱ्या टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात, ऑनलाइन त्याच्या दुप्पट तरी होतात, शिवाय लोक एकाच वेळी चार-चार टेबलं उघडून बसतात. डोकं शांत व्हायला उसंतच मिळत नाही.

बरं, आपण चांगलं खेळतो की वाईट हे निकालावरून तरी कळतं का? एक गणित करून पाहू. 'बिग ब्लाइंड' म्हणजे पत्ते पाहण्याआधी एका खेळाडूने लावायची सक्तीची रक्कम. जमाखर्च याच मापात मोजतात. एखादा खरोखर चांगला खेळाडू १०० डावांमागे सरासरी ५ बिग ब्लाइंड कमावतो आणि १०० डावांतलं प्रमाण विचलन, म्हणजे निकाल सरासरीपासून साधारण किती दूर जातो त्याचं माप, ९० आहे असं धरू. १०,००० डावांनंतर त्याची अपेक्षित कमाई ५००, पण विचलन ९००. म्हणजे एवढं खेळूनही तो तोट्यात असण्याची शक्यता जवळपास २९ टक्के! १ लाख डावांनंतर ती ४ टक्क्यांवर येते. एका रात्रीचा निकाल त्याच्या कौशल्याबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही.

पिट्सबर्गमध्ये जानेवारी २०१७ मध्ये झालेल्या सामन्यात हीच अडचण होती. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या तुओमास सँडहोम आणि नोम ब्राउन यांचा 'लिब्रेटस' हा प्रोग्रॅम चार व्यावसायिक खेळाडूंशी एकास एक असा २० दिवस खेळला. नशीब बाजूला काढायचं म्हणून १,२०,००० डाव ठेवले. शिवाय एका खेळाडूला जे पत्ते मिळाले, तेच दुसऱ्या खोलीत यंत्राला दिले जात. लिब्रेटस १०० डावांमागे सुमारे १४.७ बिग ब्लाइंडनी जिंकला.

मला यात सगळ्यात सुंदर वाटते ती यंत्राची शिकण्याची रीत. अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्ये मांडलेल्या 'काउंटरफॅक्च्युअल रिग्रेट मिनिमायझेशन' या पद्धतीतून ती आली. सोप्या शब्दांत, 'तसं केलं असतं तर' या खंतीची बेरीज कमी करत नेणं. प्रोग्रॅम स्वतःशीच असंख्य डाव खेळतो आणि प्रत्येक वळणावर विचारतो, की इथे पत्ते टाकण्याऐवजी पैसे वाढवले असते, तर सरासरी किती जास्त मिळालं असतं? ज्या चालीची खंत जास्त, ती पुढच्या वेळी जास्त वेळा खेळायची. पण ही खंत समोरच्याकडे असू शकणाऱ्या आणि मधोमध उघडू शकणाऱ्या सगळ्या पत्त्यांवर मोजलेली असते. चौकटचा राजा त्यात असतो तो त्याच्या १८ टक्क्यांपुरताच. आपल्या खंतीत तो एकटाच असतो.

मी सरावाची वही ठेवतो, ती यामुळेच. वहीत माझे पत्ते, मधले पत्ते, पॉटमधली (म्हणजे सगळ्यांनी मिळून लावलेली) रक्कम, मी काय केलं आणि का, एवढंच लिहायचं. डाव कोणी नेला हे लिहायचं नाही. दुसऱ्या दिवशी वाचताना निकाल समोर नसला की चूक स्वच्छ दिसते. मागच्या आठवड्यातलंच पाहा. एका रंगाचे चार पत्ते जमले होते, दोन पत्ते उघडायचे बाकी. न दिसलेल्या ४७ पत्त्यांत त्या रंगाचे ९, म्हणजे रंग पुरा होण्याची, त्या रंगाचे पाच पत्ते जमण्याची, शक्यता ३५ टक्के. पुढच्या एकाच पत्त्यावर मात्र १९. मी ३५ धरून समोरच्याची मोठी रक्कम भरली होती, आणि पुढच्या पत्त्यावर तो पुन्हा तेवढीच मागणार हे उघड होतं. किती डाव खेळायचे आणि किती चिप्स गेले की उठायचं, हे आकडेही बसण्याआधीच लिहितो, कारण हरल्यावर ते ठरवणारा माणूस वेगळा असतो.

हे सगळं मी बिनपैशाच्या चिप्सवर करतो. पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने भारतात बंदी आली आहे आणि मला ती पटते. खेळवणारी कंपनी पॉटमधून आपला वाटा कापून घेते, त्यामुळे सगळ्या खेळाडूंची मिळून बेरीज उणेच येते. वरच्या गणितातला चांगला खेळाडू दहा हजार डावांनंतर तोट्यात असू शकतो, तर नवख्याच्या घरात काय होत असेल? बिनपैशाच्या टेबलावर लोक कसेही चिप्स उधळतात, त्यामुळे माणसं वाचायला शिकता येत नाही, हे खरं आहे. पण शेवटच्या पत्त्यावर राजा निघाला की माझ्या पोटात तिथेही गोळा येतोच, आणि वही उघडायला तेवढं पुरतं.