थायरॉईड कॅन्सरच्या ऑपरेशनमधले कार्बन नॅनोकण

थायरॉईड कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये कार्बनचे अतिसूक्ष्म कण असलेलं काळं औषध ग्रंथीत टोचतात, त्यानं थायरॉईड आणि शेजारचे लिम्फ नोड (लिम्फ म्हणजे शरीरातला एक पातळ द्रव, तो गाळणाऱ्या छोट्या गाठी) काळे पडतात. चीनमध्ये ही पद्धत भरपूर वापरली जाते. ऐकणाऱ्याला वाटतं की कॅन्सर दिसावा म्हणून काळं करतात, पण माझ्या मते खरा फायदा उलटा आहे, जे काळं होत नाही ते वाचवता येतं.

थायरॉईडच्या (पाठ्यपुस्तकातली अवटू ग्रंथी) मागच्या बाजूला बहुतेकांना ४ पॅराथायरॉईड ग्रंथी असतात, एकेक जेमतेम ३०-४० मिलिग्रॅमची, म्हणजे आपण कोल्हापूरकर अख्खा मसूर खातो त्यातल्या दाण्याएवढी समजा, आणि रंग पिवळट तपकिरी त्यामुळं चरबीत नाहीतर लिम्फ नोडमध्ये पटकन ओळखू येत नाही. रक्तातलं कॅल्शियम याच सांभाळतात. त्या चुकून निघाल्या किंवा त्यांचा रक्तपुरवठा तुटला की ओठाभोवती मुंग्या, हातापायात पेटके, आणि काहींना कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर. इकडनं महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला टाटाला जाणारे पेशंट "आवाज जाईल काय" एवढंच विचारतात, कॅल्शियमचंही विचारायला पाहिजे.

कण साधारण १५० नॅनोमीटरचे असतात (१ मिलिमीटर म्हणजे १० लाख नॅनोमीटर). रक्ताच्या केशवाहिन्यांच्या भिंतीतल्या फटी २० ते ५० नॅनोमीटरच्या, त्यातनं हे आत घुसत नाहीत, पण लिम्फच्या बारीक नळ्यांच्या फटी १२० ते ५०० च्या, तिथनं आरामात जातात आणि पुढच्या नोडमध्ये अडकून बसतात. पॅराथायरॉईड त्या वाटेवर नसतात म्हणून त्या मूळ रंगाच्याच राहतात.

टोचताना घाई चालत नाही. बारीक सुई, अगदी थोडं औषध, आधी पिस्टन मागं ओढून सुई रक्तवाहिनीत नाही ना हे बघायचं, नंतर कापसानं दाबून धरून काही मिनिटं थांबायचं, कारण औषध बाहेर सांडलं तर सगळंच काळं होतं आणि मग काहीच ओळखू येत नाही.

हे कण कॅन्सर मारत नाहीत. काळी झालेली गाठ कॅन्सरचीच असं पण नाही, ते पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर ठरतं, आणि कॅन्सरनं गच्च भरलेली गाठ लिम्फची वाट बंद झाल्यानं कधीकधी काळी पडतच नाही. काढलेला भाग टेबलवर परत तपासतात, त्यात काळा न झालेला एखादा दाणा सापडला आणि ती पॅराथायरॉईडच आहे अशी खात्री पटली तर बारीक तुकडे करून मानेच्या स्नायूत परत लावतात.