दुसरी रेघ पुसट आली तर

मेडिकलमधून आणलेलं प्रेग्नन्सी टेस्टचं पाकीट फोडलं की तीन वस्तू निघतात: प्लॅस्टिकची पांढरी पट्टी, छोटा ड्रॉपर आणि सिलिका जेलची पुडी. पुडी ओलावा शोषायला असते, तपासणीशी तिचा संबंध नाही. पट्टीच्या एका टोकाला लघवीचे थेंब टाकायचा खळगा असतो. मधल्या खिडकीशेजारी सी आणि टी ही इंग्रजी अक्षरं असतात. सरकारचं ‘निश्चय’ किट असंच असतं आणि ते आशाताईंकडे मोफत मिळतं.

ही पट्टी एचसीजी नावाचं हार्मोन शोधते. गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजला की पुढे ज्यांच्यापासून वार तयार होते, त्या पेशी हे हार्मोन सोडू लागतात. एचसीजीचे दोन भाग असतात, अल्फा आणि बीटा. अल्फा भाग अंडाशयाला चालना देणाऱ्या एलएच आणि एफएसएच या हार्मोन्समध्ये आणि थायरॉइडला चालना देणाऱ्या टीएसएचमध्येही तसाच असतो. त्यामुळे जुन्या तपासण्या एलएच आणि एचसीजी यांच्यात गफलत करायच्या. 1972 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत ज्युडिथ वैतुकायटिस आणि सहकाऱ्यांनी बीटा भाग नेमका ओळखणारी रक्ततपासणी तयार केली, आणि तो घोळ मिटला. आजची पट्टी त्याच तत्त्वावर चालते.

खळग्याजवळच्या थरात सोन्याचे अतिसूक्ष्म कण सुकवून ठेवलेले असतात. एवढ्या बारीक आकारात सोनं पिवळं न दिसता लालसर दिसतं. या कणांवर एचसीजी पकडणारी प्रतिपिंडं (अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक रेणूलाच धरणारी प्रथिनं) चिकटवलेली असतात. लघवी कागदातून पुढे सरकते, कण सोबत घेते, आणि त्यांना एचसीजी भेटलं तर ते चिकटतं. टीच्या जागी दुसऱ्या प्रतिपिंडांची अदृश्य रांग असते, ती एचसीजीला दुसऱ्या बाजूने धरते. कण तिथे अडकून साचले की गुलाबी रेघ दिसते. सीच्या जागेवरची प्रतिपिंडं मात्र एचसीजी असो-नसो, कणांवरच्या प्रतिपिंडांनाच पकडतात. म्हणून सीची रेघ गर्भाबद्दल काहीच सांगत नाही. लघवी शेवटपर्यंत पोचली आणि किट चालू आहे, एवढंच तिच्यावरून कळतं. ती आली नाही तर टीसमोर काहीही दिसो, तपासणी बाद.

चुका बहुतेक वेळा किटमुळे होत नाहीत, घाईमुळे होतात. अंडं बाहेर पडल्यावर गर्भ रुजायला साधारण 6 ते 12 दिवस लागतात, आणि रुजल्याशिवाय लघवीत एचसीजी येत नाही. सुरुवातीला त्याची पातळी साधारण दोन-तीन दिवसांत दुप्पट होते. बरीच किटं मिलिलीटरमागे 25 मिलि-युनिटच्या पुढे रेघ दाखवतात. समजा आज पातळी 10 आहे, तर आज एकच रेघ येईल आणि चार दिवसांनी तीच बाई त्याच कंपनीच्या किटवर दोन रेघा पाहील. पाळी चुकण्याआधी केलेल्या टेस्टचं ‘नाही’ म्हणूनच फारसं धरायचं नाही. पाळी चुकल्यावर आठवडाभराने आलेल्या उत्तरावर बऱ्यापैकी विसंबता येतं. ज्यांची पाळी अनियमित आहे किंवा ज्यांनी तातडीची गर्भनिरोधक गोळी घेतली आहे, त्यांनी पाळीची तारीख सोडून द्यावी आणि संबंधानंतर तीन आठवड्यांनी तपासावं. या गोळीने पाळी पुढे जाऊ शकते.

सकाळची पहिली लघवी घ्यायची, कारण रात्रभर साठून ती दाट झालेली असते. पाळी चुकून आठवडा उलटला असेल तर दिवसा कधीही चालतं, फक्त आधी तांब्याभर पाणी पिऊन बसू नये. भांडं कोरडं हवं आणि त्यात साबणाचा अंश नको. पाकिटावरची मुदत पाहायची. किट फ्रिजमध्ये ठेवलं असेल तर खोलीच्या तापमानाला आल्यावरच फोडायचं, नाहीतर आत दव धरतं. पाकीट फोडल्यावर लगेच वापरायचं. कोकणातल्या पावसाळी हवेत तर उघडी पट्टी ठेवूच नये. पट्टी सपाट जागी ठेवून, ड्रॉपर उभा धरून, माहितीपत्रकात लिहिलेत तेवढेच थेंब टाकायचे, बहुधा दोन किंवा तीन. जास्त टाकले तर खिडकीभर गुलाबी डाग पसरतो, कमी टाकले तर लघवी वाटेतच थांबते.

घड्याळ लावून सांगितलेल्या वेळेला, बहुतेक किटमध्ये 5 मिनिटांनी, निकाल बघायचा. त्या वेळेत टीसमोर रंगीत रेघ आली, मग ती कितीही फिकी असो, ती होकारार्थीच समजायची. फिक्या रेघेचा अर्थ एचसीजी थोडं आहे एवढाच; दोन-तीन दिवसांनी सकाळी नव्या किटवर पुन्हा बघावं. अर्ध्या तासाने कचऱ्यातून काढलेल्या पट्टीवर दिसणारी राखाडी, बिनरंगी रेघ वेगळी. लघवी वाळताना तिथे तसा ओरखडा उमटतो आणि त्याला काही अर्थ नसतो. रेघ गडद की फिकी यावरून मुलगा-मुलगी कळतं ही निव्वळ थाप आहे. टूथपेस्टवर लघवी टाकून फेस बघण्याचंही तेच: पेस्टमधला खडू आणि लघवीतलं आम्ल भेटलं की फसफसतं, पुरुषाच्या लघवीनेसुद्धा.

एक उलटा प्रकार डॉक्टरांनाही कधीकधी चकवतो. एचसीजी आठव्या ते अकराव्या आठवड्याच्या सुमाराला शिखरावर असतं. ते फारच झालं, किंवा लघवीत बीटा भागाचे तुकडे भरपूर असले, तर सोन्याचे कण आणि टीची रांग दोन्ही वेगवेगळे भरून जातात. दोघांना जोडणारा रेणूच उरत नाही आणि रेघ उमटत नाही. द्राक्षगर्भात, म्हणजे गर्भ नीट न वाढता वारेच्या पेशीच द्राक्षांच्या घडासारख्या फुगतात तेव्हा, पातळी अफाट वाढते, तिथेही असं घडू शकतं. त्यामुळे दोन-अडीच महिने पाळी नाही, मळमळ आहे आणि टेस्ट ‘नाही’ म्हणते, तर सोनोग्राफी करून घ्यावी.

दोन रेघा आल्या, पण गर्भ नाही, असंही होतं. अंडं फुटण्यासाठी दिलेलं एचसीजीचं इंजेक्शन 10 ते 14 दिवस लघवीत राहू शकतं. गर्भपातानंतर काही आठवडे रेघ येत राहते. काही वेळा गर्भ रुजतो आणि काही दिवसांतच गळून जातो. अमेरिकेत 1988 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एचसीजीने ओळखलेल्या गर्भधारणांपैकी 22 टक्के बाईच्या लक्षात येण्याआधीच संपल्या होत्या. पूर्वी याला पाळी चार दिवस उशिरा आली म्हणायचे. गर्भ लवकर ओळखणाऱ्या किटमुळे आता ते दिसतं, इतकंच.

गर्भ गर्भाशयात आहे की गर्भनलिकेत, हे पट्टीला कळत नाही. दोन्हीकडे रेघा दोनच येतात. टेस्ट होकारार्थी असताना ओटीपोटात एका बाजूला दुखलं, रक्त गेलं, खांद्याच्या टोकाला कळ आली किंवा चक्कर आली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. नलिका फुटली तर पोटात रक्तस्राव होतो. दोन रेघा बघून परस्पर मेडिकलमधून गर्भपाताच्या गोळ्या घेणं म्हणूनच धोक्याचं आहे: नलिकेतला गर्भ या गोळ्यांनी जात नाही, आणि रक्तस्राव गोळ्यांमुळेच होतोय असं समजून बाई घरीच थांबते. डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या घेतल्या असतील, तरी पुढच्या आठवड्यात घरी पट्टी लावून बघण्यात अर्थ नाही. तीन-चार आठवडे ती दोन रेघा दाखवू शकते. गर्भाशय रिकामं झालं का हे ठरलेल्या फेरतपासणीतच बघून घ्यावं.