एकेरी आणि दुहेरी टर्बोचा प्रतिसाद

एक्झॉस्टच्या (जळून बाहेर पडणाऱ्या वायूच्या) जोरावर चाक फिरवून इंजिनात जादा हवा दाबणारे यंत्र म्हणजे टर्बो, आणि त्या हवेचा जादा दाब म्हणजे बूस्ट. ॲक्सिलरेटर दाबल्यापासून बूस्ट पूर्ण भरेपर्यंतचा वेळ म्हणजे लॅग. ज्या आरपीएमखाली (इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांखाली) पूर्ण बूस्ट मिळतच नाही, तो उंबरठा ही वेगळी गोष्ट. टर्बोंची तुलना करताना या दोहोंची गल्लत हमखास होते. उंबरठा पाहायचा तर डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) चौथ्या गिअरमध्ये २,००० आरपीएमपासून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून बूस्ट कुठे भरतो ते पाहावे. लॅगसाठी उंबरठ्याच्या वर, समजा ४,५०० आरपीएमला, इंजिन कमी ॲक्सिलरेटरवर स्थिर धरावे, मग एकदम पूर्ण दाबून सेकंद मोजावेत.

‘दोन टर्बो म्हणजे लॅग कमी’ हे अर्धेच खरे आहे. एका मोठ्या टर्बोऐवजी मिळून तेवढीच हवा देणारे दोन लहान लावले, तर प्रत्येकाच्या चाकाचा व्यास मोठ्याच्या सुमारे ७० टक्के लागतो. चाकांच्या कडेचा वेग तोच ठेवला, तर त्यांना फिरवायची ऊर्जा व्यासाच्या घनाप्रमाणे घटते. दोन्ही मिळून ती मोठ्या चाकाच्या ७० टक्क्यांच्या आसपास येते. कागदावर फायदा ३० टक्के. प्रत्यक्षात चाक आणि त्याभोवतीच्या हाउसिंगमधली (कवचामधली) फट त्याच प्रमाणात लहान करता येत नाही, म्हणून लहान टर्बाइनची (एक्झॉस्टने फिरणाऱ्या चाकाची) कार्यक्षमता पडते आणि फायद्याचा काही भाग तिथेच जातो.

त्याहून मोलाचे असतात एक्झॉस्टचे धक्के. सरळ रांगेतल्या सहा सिलिंडरांत दर १२० अंशांना एक धक्का येतो. समांतर दुहेरी मांडणीत एका टर्बोला तीनच सिलिंडर जोडलेले असल्याने हे अंतर २४० अंश होते आणि एकाचा धक्का दुसऱ्याच्या वाटेत येत नाही. ट्विन-स्क्रोल हाउसिंग हेच काम एका टर्बोत, मधल्या भिंतीने करते. बीएमडब्ल्यूच्या तीन लिटर इंजिनांत हे स्पष्ट दिसते: समांतर दुहेरी एन५४ आणि नंतरचे एकेरी ट्विन-स्क्रोल एन५५, दोन्ही ३०६ पीएस आणि ४०० न्यूटन-मीटरची. हा टॉर्क एन५४ला १,३०० आरपीएमला मिळे, एन५५ला १,२०० ला. अर्थात एन५५मध्ये व्हॅल्व्हट्रॉनिकही (व्हॅल्व्ह किती उघडायचे ते बदलणारी यंत्रणा) होते, त्यामुळे सगळे श्रेय टर्बोचे नाही.

१९९३ च्या टोयोटा सुप्राच्या २जेझेड-जीटीई इंजिनात क्रमवार दुहेरी मांडणी आहे. सुरुवातीला सहाही सिलिंडरांचा एक्झॉस्ट पहिल्या टर्बोला मिळतो, म्हणून तळाचा प्रतिसाद उत्तम. सुमारे ४,००० आरपीएमला दुसरा पूर्णपणे जोडला जातो. त्या क्षणी बूस्टचा काटा १० पीएसआयवरून (पीएसआय हे दाबाचे एकक) ८ वर येऊन पुन्हा १० वर जातो, आणि हे निरोगी लक्षण आहे. काटा खाली येऊन तिथेच राहिला तर दुसरा टर्बो जोडला जात नाही. टर्बो उतरवण्याआधी व्हॅक्यूमच्या नळ्या पाहाव्यात: उष्णतेने कडक होऊन चिरलेली एक नळीही पुरते. त्यानंतर हातपंपाने ॲक्च्युएटरला (दाबाने झडप हलवणाऱ्या डबीला) दाब देऊन दांडा सरकतो का ते तपासावे.

या नळ्यांच्या जंजाळाला कंटाळून अनेकजण एकच मोठा टर्बो बसवतात. वरची ताकद वाढते, पण उंबरठाही वर सरकतो. तो आटोक्यात ठेवायचा तर १-२-३ आणि ४-५-६ सिलिंडरांचे मार्ग थेट टर्बाइनपर्यंत वेगळे हवेत. विभागलेले हाउसिंग घेऊन साधा मॅनिफोल्ड (सिलिंडरांचा एक्झॉस्ट टर्बोकडे नेणारा नळ्यांचा संच) लावला तर मधल्या भिंतीचा उपयोग शून्य. दोन्ही मार्ग एका वेस्टगेटकडे (जादा एक्झॉस्ट टर्बाइनला वगळून सोडणाऱ्या झडपेकडे) जाताना वाटेत एकत्र झाले, तरी धक्के तिथूनच एकमेकांत शिरतात. म्हणून प्रत्येक मार्गाला स्वतंत्र वेस्टगेट लावणे चांगले.