हिशेब जुळला, टार्गेट राहिले: बँकेतल्या ताणाची पार्श्वभूमी

पूर्वी बँकेत उशीर व्हायचा तो हिशेब जुळत नसल्यामुळे. लेजरमध्ये, म्हणजे खातेवहीत, दोन रुपयांचा फरक राहिला तरी बॅलन्सिंग, म्हणजे ताळा जुळवणे, अडायचे आणि सगळे तो शोधत बसायचे. बँकांचे वर्ष तेव्हा ३१ डिसेंबरला संपे. नव्या वर्षाचे बारा अनेकांनी शाखेतच वाजताना ऐकले. दमणूक होती, पण फरक सापडला की माणूस मोकळ्या मनाने घरी जाई.

१९ जुलै १९६९ रोजी १४ आणि १५ एप्रिल १९८० रोजी आणखी ६ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९६९ साली देशात जेमतेम ८,३०० शाखा होत्या, १९९१ पर्यंत त्या ६०,००० च्या घरात गेल्या. त्या चालवायला मॅनेजर हवे होते आणि ते बदल्यांतूनच मिळणार होते.

क्लार्क, अधिकारी अशा पदांच्या पायऱ्यांमधला फरक पक्का झाला तो याच काळात. क्लार्क आणि शिपाई कायद्याने ‘कामगार’. औद्योगिक न्यायाधिकरणांचे शास्त्री आणि देसाई निवाडे, मग बँका आणि कर्मचारी संघटनांमधला १९६६ चा पहिला द्विपक्षीय करार, यांमुळे त्यांचे तास आणि ओव्हरटाइम ठरलेले. अधिकाऱ्यांसाठी पिल्लई समितीच्या शिफारशींवरून १९७९ मध्ये स्केल वन ते स्केल सेव्हन अशी सात स्केल, म्हणजे वेतनश्रेणी, आली. त्यांना ओव्हरटाइम नाही आणि बदली देशात कुठेही. मुलांची शाळा आणि म्हातारे आईवडील सोडून जायचे नाही म्हणून कित्येक क्लार्क प्रमोशनच्या परीक्षेलाच बसत नाहीत. त्यांना महत्त्वाकांक्षा नाही असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

बँक सुधारणांसाठीच्या १९९१ च्या नरसिंहम समितीनंतर नफा आणि एनपीए, म्हणजे थकलेली कर्जे, हे शब्द शाखेत रोजचे झाले. २००० च्या सुमारास बँकांना विमा विकायची मुभा मिळाली. त्याच सुमाराला, २०००-०१ मध्ये, स्वेच्छानिवृत्ती घेऊन एक लाखाहून अधिक अनुभवी माणसे बाहेर पडली. सगळ्या शाखा एकाच संगणक प्रणालीला जोडणाऱ्या कोअर बँकिंगने लेजर संपवले, बॅलन्सिंगही संपले. मात्र रिजनल ऑफिसला प्रत्येक शाखेचा टार्गेटचा आकडा बसल्या जागी दिसू लागला, आणि जुळला की सुटका असा तो आकडा नव्हता. मॅनेजरवर दोन्ही बाजूंनी दाब आला: कर्ज वाटले नाही तर रिव्ह्यूमध्ये बोलणी, वाटलेले बुडाले तर स्टाफ अकाउंटेबिलिटी, म्हणजे चूक कोणाची याची चौकशी. चार्जशीट हाती पडेपर्यंत तो दोन शाखा पुढे गेलेला असतो आणि निवृत्ती तोंडावर आलेली असते. या पायरीइतकी एकटी पायरी बँकेत दुसरी नाही.

८ नोव्हेंबर २०१६ नंतरचे दिवस कॅशियरचे होते. समोर संपणारी न दिसणारी रांग, हातात जुन्या ५०० आणि १,००० च्या नोटा, आणि मोजताना चूक झाली तर भरपाई स्वतःच्या खिशातून. पाठोपाठ २०१७ ते २०२० या काळात विलीनीकरणे झाली आणि सरकारी बँका २७ वरून १२ वर आल्या. पंचवीस वर्षे एका बँकेत काढलेल्यांना नवी सिस्टीम आणि नवे साहेब एकदमच मिळाले.

सप्टेंबर २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा झाला. पाच दिवसांच्या आठवड्यावरही ८ मार्च २०२४ च्या वेतन करारावेळी बँका आणि संघटनांची सहमती झाली, पण त्याला सरकारची मंजुरी लागते. शनिवारची सुट्टी काउंटरला लगेच लाभली. मार्चमध्ये त्याच शनिवारी मॅनेजर आणि कर्जाचे काम पाहणारा ऑफिसर अनेकदा थकबाकीदारांच्या दारी असतात.