दात खाण्याचं खापर

पोर झोपेत दात खायला लागलं की आमच्याकडे आजीचं निदान ठरलेलं असतं: जंत झालेत. तालमीत मात्र याच दात खाण्याला मान आहे. कोल्हापूरच्या गंगावेश तालमीतल्या लाल मातीत डाव अडला की पैलवान दात-ओठ खाऊन जोर लावतो, तेव्हा कुणाला त्यात आजार दिसत नाही. कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यावर बोटं ठेवून दाढा आवळून बघा. टणक गोळा फुगतो तो चावण्याचा मुख्य स्नायू. तो सतत राबला की चेहरा चौकोनी दिसू लागतो.

या सवयीला वैद्यकात नाव मिळालं ते उशिरा. १९०७ साली मारी आणि पिएत्किएविच या फ्रान्समधल्या डॉक्टरांनी ‘ब्रुक्सोमानी’ म्हटलं, १९३१ मध्ये फ्रोमन यांच्या लेखनातून ‘ब्रुक्सिझम’ रुजला. खापर मात्र फिरत राहिलं. १९६१ मध्ये रॅमफ्योर्ड यांनी जबड्याच्या स्नायूंचे विद्युत आलेख काढले आणि दातांची बैठक, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर टेकण्याची पद्धत, बिघडलेली असणं व मनावरचा ताण, अशी दोन कारणं सांगितली. डॉक्टरांनी पहिलं उचललं, कारण ते कानशीने दुरुस्त करता येतं. त्यापायी कित्येकांचे धडधाकट दात घासले गेले असतील! पुढे निद्रा प्रयोगशाळांतून दिसलं की झोपेत मेंदू क्षणभर जागृतीकडे सरकतो, हृदयाची गती वाढते आणि मग जबडा आवळतो. २०१३ मध्ये तज्ज्ञांनी व्याख्या ठरवताना जागेपणीचं आणि झोपेतलं असे दोन प्रकार वेगळे केले. २०१८ मध्ये आणखी एक गोष्ट मान्य झाली. निरोगी माणसात हा आजार नाही, स्नायूंची एक वागणूक आहे.

खेळाडूंच्या बाबतीत हे पटतं. गुडघ्यावर हातोडी मारून बघताना प्रतिसाद येत नसेल तर डॉक्टर ‘दात आवळा’ म्हणतात, कारण त्याने पायाची झटकन उसळणारी हालचाल ठळक होते. म्हणजे पैलवान उगाच दात खात नाही. अडचण आहे ती मैदान संपल्यावरही जबडा न सुटण्याची. लावणीच्या फडात तर ओठ हसतात, ढोलकीवर पाय पडतात आणि आत दाढा आवळलेल्या असू शकतात. प्रेक्षकाला पत्ता लागत नाही.

म्हणून आता मोजमाप आलं. गालावर चिकटवायची स्नायूंचे विद्युत संकेत टिपणारी पट्टी, काही महिन्यांच्या अंतराने तोंडाचे त्रिमितीय स्कॅन एकावर एक ठेवून झीज पाहणं, आणि दिवसातून अनेकदा ‘आत्ता जबडा सैल आहे, दात टेकलेत, की आवळलेत?’ असं विचारणारं मोबाइल अॅप. पट्टीला गिळणं, बोलणं आणि दात खाणं यांतला फरक नेहमी कळत नाही, तिथं आवाज-चित्रणाची जोड लागते. आणि कुस्तीच्या हौद्यात घाम नि मातीने पट्टी सुटते, मोबाइल तर खुंटीवरच्या पिशवीत. पैलवान अॅपला उत्तर देणार ते अंघोळ करून, थंडाई पिऊन झाल्यावर.